२५ लाखांची मशीन दीड हजाराच्या पार्टसाठी बंद का पडते? मशीन टूलच्या स्पेअरचं गणित

भोसरी, चाकण, सातपूर, शिरोली, गोकुळ शिरगाव. यातल्या कुठल्याही एमआयडीसीत एखाद्या छोट्या वर्कशॉपमध्ये डोकावलं, तर चार मशिनी धडधडत असतात आणि एक कोपऱ्यात गप्प उभी असते. का बंद आहे विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, "पार्ट यायचाय."

हा पार्ट कधी तळहातावर मावेल एवढा सेन्सर असतो, कधी एखादं गिअर, तर कधी इलेक्ट्रॉनिक कार्ड. मोबाईलचा डिस्प्ले फुटला की गल्लीच्या तोंडावर बदलून मिळतो. बाईकचा क्लच प्लेट सेट तालुक्याच्या गावातही मिळतो. मग लाखो रुपये मोजून घेतलेल्या मशीनचा पार्ट मिळायला आठवडे का लागतात आणि त्याची किंमत एवढी का असते? 

मशीन टूल म्हणजे नेमकं काय?

धातू कापून, घासून, भोकं पाडून त्याला हवा तो आकार देणारी यंत्रं म्हणजे मशीन टूल. लेथ, मिलिंग, ड्रिलिंग, ग्राइंडिंग ही त्यातली जुनी नावं. हीच कामं कॉम्प्युटरच्या हुकुमावर करणाऱ्या मशिनी म्हणजे सीएनसी लेथ आणि व्हीएमसी. गाडीचं इंजिन, शेतीचा पंप, दवाखान्यातली उपकरणं, सगळ्यांचे भाग याच मशिनींवर तयार होतात. म्हणून त्यांना 'मदर मशीन' असंही म्हणतात.

यांची एक खासियत म्हणजे आयुष्य. मोबाईल चार-पाच वर्षांत बदलला जातो. चांगला लेथ ३०-४० वर्षं सहज चालतो. एचएमटीचा 'एनएच-२२' लेथ किंवा 'एफएन-२' मिलिंग मशीन आजही अनेक वर्कशॉपमध्ये कामावर आहे. मशीन एवढी टिकते, पण तिचे पार्ट बनवणारी कंपनी, तो मॉडेल नंबर आणि त्यातली इलेक्ट्रॉनिक्स तेवढी टिकत नाहीत. स्पेअरची बरीचशी डोकेदुखी इथूनच सुरू होते.

बंद मशीनचा खरा खर्च किती?

उदाहरणादाखल एक हिशोब करून बघू. समजा एका उद्योजकाने व्हीएमसीसाठी २५ लाखांचं कर्ज काढलं. व्याज १० टक्के, मुदत ५ वर्षं. महिन्याचा हप्ता साधारण ५३ हजार रुपये येतो. मशीनचा तासाचा दर ४०० रुपये धरला आणि दोन शिफ्टमध्ये १६ तास काम धरलं, तर दिवसाचं बिलिंग ६,४०० रुपये होतं.

आता त्यातला १,५०० रुपयांचा प्रॉक्सिमिटी सेन्सर गेला आणि नवा यायला १० दिवस लागले. बुडालेलं बिलिंग ६४ हजार रुपये. त्या १० दिवसांचा हप्त्याचा वाटा सुमारे १७ हजार ७०० रुपये, तो चुकत नाही. ऑपरेटरचा पगार आणि शेडचं भाडंही चालूच राहतं. वर माल वेळेत गेला नाही म्हणून गिऱ्हाईक दुसरीकडे वळलं, तर त्या नुकसानाचा आकडा काढताच येत नाही.

म्हणूनच स्पेअर विकणाऱ्याला माहीत असतं की समोरचा माणूस पार्टची किंमत बघत नाही, तो मशीन कधी सुरू होईल ते बघतो. अशा वेळी घासाघीस करायची ताकद खरेदीदाराकडे उरत नाही.

पार्ट एवढे महाग का असतात?

पहिलं कारण म्हणजे संख्या. एका लोकप्रिय बाईकचे लाखो नग रस्त्यावर असतात, त्यामुळे तिचा ब्रेक शू लाखांच्या संख्येत बनतो. एखाद्या सीएनसी मॉडेलच्या देशभरात काही शेच मशिनी असतील, तर तिच्या टरेटमधलं एक गिअर वर्षाला मोजून चार-पाच विकलं जातं. मशीनवर जॉब लावणं, टूल सेट करणं, पहिला पीस तपासणं हा सेटिंगचा खर्च पाच नगांना आणि पाच हजार नगांना जवळपास सारखाच येतो. पाच नगांमध्ये तो वाटला की प्रत्येक नगाची किंमत वाढते.

दुसरं कारण म्हणजे साठवणूक. आज विकलेल्या मशीनचा पार्ट १२ वर्षांनी कोणीतरी मागणार, म्हणून कंपनीने तो बनवून रॅकवर ठेवायचा. तोपर्यंत त्यात पैसा अडकतो, जागा अडकते आणि काही पार्ट तर कधीच विकले जात नाहीत. त्या न विकलेल्या पार्टचा खर्चही विकलेल्या पार्टच्या किमतीत येऊन बसतो.

तिसरं कारण म्हणजे मक्तेदारी. मशीन घेताना चार कंपन्यांची कोटेशन येतात आणि मशीन बनवणारा कमी मार्जिनवर तयार होतो. एकदा मशीन शेडमध्ये बसली की तिचा खास पार्ट देणारा एकच उरतो. प्रिंटर स्वस्त आणि शाई महाग, तोच प्रकार.

चौथं कारण जरा लपलेलं असतं. मशीन बनवणारी कंपनी मशीनमधलं सगळं स्वतः बनवत नाही. बेअरिंग एकाचं, बॉलस्क्रू दुसऱ्याचा, कंट्रोलर तिसऱ्याचा, हायड्रॉलिक व्हॉल्व्ह चौथ्याचा. या 'बॉट-आउट' पार्टला मशीनवाला स्वतःचा नंबर देतो. त्या नंबरने मागितलं की मूळ किंमत, मशीनवाल्याचं मार्जिन आणि डीलरचं मार्जिन अशी साखळी लागते. तोच पार्ट मूळ कंपनीच्या नंबरने बाजारात शोधला तर बऱ्याचदा बराच स्वस्त पडतो. 

सगळे पार्ट सारखे नसतात

स्पेअर घ्यायच्या दृष्टीने मशीनचे तीन भाग पडतात.

पहिला गट स्टँडर्ड पार्टचा. बेअरिंग, व्ही-बेल्ट, ऑइल सील, ओ-रिंग, कॉन्टॅक्टर, लिमिट स्विच, बोल्ट. यांची मापं आंतरराष्ट्रीय मानकांप्रमाणे ठरलेली असतात. बेअरिंगवरचा नंबर वाचता आला तर अर्धं काम होतं. उदाहरणार्थ, ६२०५. शेवटचे दोन आकडे ०५, त्याला ५ ने गुणलं की आतलं भोक, म्हणजे २५ मिलीमीटर. (शेवटचे आकडे ०४ आणि त्यापुढे असतील तेव्हा हा नियम चालतो.) याचा बाहेरचा व्यास ५२ आणि जाडी १५ मिलीमीटर. पुढे 'झेडझेड' असेल तर दोन्ही बाजूंना पत्र्याचं झाकण, '२आरएस' असेल तर रबरी सील. कुठल्याही कंपनीचं ६२०५ घेतलं तरी ते जागेवर बसतं. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर, पुण्या-कोल्हापुरातल्या बेअरिंगच्या दुकानांत ते लगेच मिळतं.

पण बेअरिंग स्पिंडलचं असेल तर सावध राहावं लागतं. मशीनचा जो दांडा जॉब किंवा टूल फिरवतो तो स्पिंडल, आणि त्याला 'पी-४' सारख्या वरच्या अचूकतेची, कारखान्यात जोडी जुळवून दिलेली अँग्युलर कॉन्टॅक्ट बेअरिंग लागतात. ७०१४ नंबरचं साधं बेअरिंग आणि त्याच नंबरचं पी-४ बेअरिंग मापाने सारखंच असतं, किमतीत मात्र कित्येक पटींचा फरक असतो. साधं टाकलं तर मशीन फिरेल, पण जॉबचं माप आणि फिनिश बिघडेल आणि बेअरिंगही लवकर जाईल.

दुसरा गट त्या मशीनच्या खास यांत्रिक पार्टचा. लेथचा हाफ नट, क्रॉस स्लाइडचा गनमेटलचा नट, हेडस्टॉकमधलं गिअर, टेलस्टॉकचा स्लीव्ह. हे बाजारात तयार मिळतीलच असं नाही, पण चांगल्या वर्कशॉपमध्ये बनवून घेता येतात.

तिसरा गट इलेक्ट्रॉनिक्सचा. कंट्रोलर, सर्व्हो ड्राइव्ह, एन्कोडर, आय-ओ कार्ड. हे बनवूनही घेता येत नाहीत आणि दुसऱ्या कंपनीचे टाकताही येत नाहीत. सगळ्यात जास्त पैसा आणि वेळ याच गटात जातो.

कंपनीच बंद पडली तर?

महाराष्ट्राच्या शेजारी हरिहरला १९४१ मध्ये म्हैसूर किर्लोस्कर सुरू झाली. तिचे 'एंटरप्राइज' आणि 'टर्नमास्टर' लेथ देशभर गेले, महाराष्ट्रात तर घराघरातल्या वर्कशॉपमध्ये पोचले. या शतकाच्या सुरुवातीला कंपनी बंद पडली, पण तिचे लेथ चालूच राहिले. १९५३ मध्ये बंगळुरूत सुरू झालेल्या एचएमटीच्या जुन्या मशिनींची गोष्टही फार वेगळी नाही. कंपनीचा पसारा आटला, मशिनी मात्र शेडमध्ये तशाच उभ्या आहेत.

अशा मशिनींच्या बाबतीत लोकप्रियता कामी येते. ज्या मॉडेलच्या हजारो मशिनी विकल्या गेल्या, त्यांचे पार्ट छोटे कारखाने आपणहून बनवायला लागतात. लुधियाना, बटाला, राजकोट ही त्यासाठी ओळखीची गावं. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात तर ओतकामापासून मशीनिंगपर्यंत सगळं जवळजवळ एकाच भागात होतं. त्यामुळे ५० वर्षं जुन्या देशी लेथचा पार्ट मिळणं, १५ वर्षं जुन्या परदेशी सीएनसीच्या कार्डापेक्षा सोपं ठरतं.

इलेक्ट्रॉनिक्सच्या बाबतीत कंपन्यांची धोरणं वेगवेगळी आहेत. जपानची फॅनक ग्राहक मशीन वापरतो आहे तोपर्यंत दुरुस्ती देण्याचं धोरण सांगते. सीमेन्ससारखी कंपनी उत्पादन थांबवल्यावर साधारण १० वर्षं स्पेअर पुरवण्याचं धोरण ठेवते. त्यानंतर जुन्या बाजारातलं कार्ड किंवा पूर्ण कंट्रोलरच बदलणं, म्हणजे रेट्रोफिट, असे मार्ग उरतात. सेकंड हँड सीएनसी घेताना लोक स्पिंडल बघतात, बेड बघतात, पण कंट्रोलरचं मॉडेल अजून सपोर्टमध्ये आहे का हे विचारायचं राहून जातं. स्वस्तात मिळालेली मशीन पुढे महाग पडते ती इथे.

परदेशातून पार्ट मागवताना

पार्ट देशात नसेल तर आयात करावा लागतो. इथेही एक हिशोब बघू. समजा विमा आणि वाहतूक धरून पार्टची किंमत १,००,००० रुपये झाली आणि त्यावर मूळ सीमाशुल्क ७.५ टक्के आहे.

मूळ सीमाशुल्क ७,५०० रुपये. त्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार ७५० रुपये. आता बेरीज झाली १,०८,२५० रुपये. त्यावर १८ टक्के आयजीएसटी १९,४८५ रुपये. एकूण १,२७,७३५ रुपये. शिवाय कस्टम एजंटची फी आणि कुरिअरचे इतर चार्जेस वेगळे.

जीएसटी नोंदणी असेल तर आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं, पण पैसे आधी भरावे लागतात. धंद्यासाठी आयात करायची तर विदेश व्यापार महासंचालनालयाचा आयात-निर्यात कोड म्हणजे आयईसी लागतो. तो ऑनलाइन मिळतो, अर्जाची फी ५०० रुपये आहे, पण दरवर्षी एप्रिल ते जून या काळात तो अपडेट करावा लागतो. केला नाही तर कोड निष्क्रिय होतो. मशीन बंद पडल्यावर हे कळलं तर त्यात आणखी दिवस जातात. पार्टच्या वर्णनात किंवा कागदपत्रांत चूक असेल तर पार्सल कस्टममध्ये अडकतं ते वेगळंच.

बनवून घेताना होणारी एक नेहमीची चूक

"सँपल दे, तसंच बनवून देतो," हे वाक्य प्रत्येक वर्कशॉपमध्ये ऐकायला मिळतं. बहुतेक वेळा काम होतंही. पण जुनं गिअर असेल तर एक सापळा असतो.

आपल्याकडे गिअरच्या दातांचं माप 'मॉड्यूल'मध्ये मोजतात. जुन्या इंग्लिश आणि अमेरिकन मशिनींची गिअर इंची पद्धतीची, म्हणजे 'डीपी'ची असतात. १० डीपी म्हणजे २.५४ मॉड्यूल. वर्कशॉपकडे कटर असतो २.५ मॉड्यूलचा. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. पण ४० दातांच्या गिअरचा बाहेरचा व्यास १० डीपीमध्ये १०६.६८ मिलीमीटर येतो आणि २.५ मॉड्यूलमध्ये १०५ मिलीमीटर. बसवल्यावर आवाज येतो, दात नीट भिडत नाहीत आणि काही महिन्यांत जोडीचं चांगलं गिअरही खराब होतं. जुन्या गिअरमध्ये दातांचा कोनही आजच्या २० अंशांऐवजी साडेचौदा अंश असू शकतो. म्हणून गिअर द्यायच्या आधी दात मोजून, बाहेरचा व्यास मोजून हा हिशोब करायला लागतो. लीड स्क्रूचंही तसंच. इंचाला ४ आटे म्हणजे ६.३५ मिलीमीटर पिच. तिथे ६ मिलीमीटरचा नट चालत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे सँपल झिजलेलं असतं. झिजलेल्या पार्टचं माप घेऊन नवा बनवला, तर तो जन्मतःच झिजलेला असतो. जो भाग घासला गेलेला नाही, तिथून मूळ माप काढावं लागतं.

नकली मालाचा धोका

महाग आणि तातडीने लागणाऱ्या वस्तूचा नकली माल येतोच. बेअरिंगमध्ये हा प्रकार जुना आहे. खोकं, छपाई, नंबर सगळं हुबेहूब असतं. नकली बेअरिंग स्पिंडलमध्ये बसलं तर नुकसान बेअरिंगच्या किमतीपुरतं थांबत नाही, स्पिंडलही जातो. बाजारभावापेक्षा फारच कमी दर, बिल द्यायची टाळाटाळ आणि उघडं खोकं ही ओळखीची लक्षणं. एसकेएफसारख्या कंपन्यांनी खरं-खोटं तपासायला मोबाईल ॲप दिलं आहे. अधिकृत विक्रेत्याकडून पक्क्या बिलाने घेणं हा त्यातला सगळ्यात सोपा उपाय.

कायदा काय सांगतो?

स्पेअरच्या अडवणुकीचा विषय भारतात मोठा झाला तो गाड्यांमुळे. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. खुल्या बाजारात आणि बाहेरच्या गॅरेजना स्पेअर मिळू न देणं हा त्यातला मुख्य मुद्दा होता. त्यावर पुढे अपिलं झाली, पण मशीनचा पार्ट अडवून धरणं हा स्पर्धा कायद्याचा विषय होऊ शकतो हे त्यातून स्पष्ट झालं.

जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली. तिने सुरुवातीला चार क्षेत्रं निवडली: शेतीची अवजारं, मोबाईल आणि टॅबलेट, घरगुती उपकरणं आणि वाहनं. मशीन टूल त्यात नव्हती.

मग मशीनवाला पार्ट देत नसेल तर ग्राहक आयोगात जाता येतं का? याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या 'लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स विरुद्ध पीएसजी इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूट' या निकालात सापडतं. महाराष्ट्रातल्या एका लघुउद्योगाने १९९० मध्ये सीएनसी मशीनची ऑर्डर दिली होती आणि त्यावरून वाद झाला. खरेदी 'व्यापारी हेतूने' झालेली असल्याने हा उद्योग ग्राहक ठरत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. पण त्याच निकालात एक महत्त्वाचा फरकही केला. जो माणूस पोट भरण्यासाठी लेथ घेतो आणि तो स्वतः चालवतो, तो ग्राहकच आहे. मदतीला एक-दोन माणसं ठेवली म्हणून त्याचा हा हक्क जात नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही स्वयंरोजगाराची ही सवलत कायम आहे.

थोडक्यात, स्वतः लेथवर उभा राहणारा टर्नर ग्राहक आयोगात जाऊ शकतो. दहा मशिनी आणि वीस कामगार असलेल्या उद्योजकाला मात्र दिवाणी कोर्टाचा रस्ता धरावा लागतो. अशा वेळी खरेदीच्या ऑर्डरमध्ये काय लिहिलं होतं, यावर बरंच काही ठरतं.

त्रास कमी करायचा तर काय करावं?

मशीन घेताना:

- किती वर्षं स्पेअर मिळतील आणि किती दिवसांत मिळतील, हे पर्चेस ऑर्डरमध्ये लिहून घ्यावं. तोंडी आश्वासनाचा उपयोग नाही.
- इलेक्ट्रिकल ड्रॉइंग, पार्ट लिस्ट, पीएलसी प्रोग्रॅम आणि पॅरामीटरचा बॅकअप हे शेवटचा हप्ता द्यायच्या आधी ताब्यात घ्यावं.
- बॉट-आउट पार्टचे मूळ कंपनीचे नंबर मागावेत. तेव्हा विक्रेता देतो, नंतर टाळतो.
- नेहमी जाणाऱ्या पार्टचा संच मशीनसोबतच घासाघीस करून घ्यावा. तेव्हा मिळणारा दर पुन्हा मिळत नाही.

मशीन चालू असताना:

- पॅनेल उघडून प्रत्येक ड्राइव्ह, कार्ड, सेन्सर आणि मोटरच्या नेमप्लेटचे फोटो काढून ठेवावेत. बिघडल्यावर तेलकट, पुसट झालेला नंबर वाचणं अवघड जातं.
- मेमरीची बॅटरी वेळेवर बदलावी. ती संपली की पॅरामीटर पुसले जातात. ॲब्सोल्युट एन्कोडरची बॅटरी गेली तर मशीन आपली होम पोझिशन विसरते. फॅनकसारख्या कंट्रोलरवर ही बॅटरी मशीनची पॉवर चालू ठेवून बदलतात, त्यामुळे हे काम जाणकार माणसाकडूनच करून घ्यावं. काहीशे-हजार रुपयांची ही बॅटरी विसरली म्हणून पूर्ण मशीन अडून बसते.
- सेन्सर, रिले, बेल्ट, फ्यूज, सील असे स्वस्त पण मशीन थांबवणारे पार्ट एकेक तरी कपाटात ठेवावेत.

मशीन बंद पडल्यावर:

- नवं कार्ड मागवायच्या आधी दोष खरंच कार्डात आहे का ते तपासावं. केबल, कनेक्टर आणि पॉवर सप्लाय हे आधी बघायचे. एकाच नंबरचे दोन ड्राइव्ह असतील तर जाणकाराकडून अदलाबदल करून दोष कुठे जातो ते बघता येतं.
- कार्ड रिपेअर आणि एक्स्चेंज या दोन्हींचे दर घ्यावेत. एक्स्चेंजमध्ये जुनं कार्ड जमा करून दुरुस्त केलेलं मिळतं आणि ते नव्यापेक्षा स्वस्त पडतं.
- शेजारच्या कारखान्यात तेच मॉडेल असेल तर पार्ट उसना मिळू शकतो. एमआयडीसीत आजही अनेक मशिनी अशाच सुरू होतात.

एका आकार-प्रकाराची अनेक मशिनी असणाऱ्यांना आणखी एक फायदा मिळतो. सगळ्या मशिनींवर एकाच कंपनीचा कंट्रोलर असेल तर एकच कार्ड साठवून पाच मशिनींचा विमा उतरवल्यासारखं होतं. नवी मशीन घेताना दोन-तीन टक्के स्वस्त म्हणून वेगळ्याच कंट्रोलरची मशीन घेण्याआधी हा हिशोब कागदावर मांडून बघायला हरकत नाही.